माझ्या वाटची प्रार्थना

घरात कुणी गंभीर आजारी पडलं की घरच्यांची प्रार्थना वाढते, असं सगळे धरून चालतात. आमच्याकडे उलट झालं. ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून माझी प्रार्थनाच बंद पडली. जेवणाआधी, झोपण्याआधी, परीक्षेला निघताना, एसटी घाट चढायला लागली की, अशी उठता-बसता प्रार्थना करत वाढलेली मी. आजोबा खेड्यातल्या चर्चच्या मंडळीचे पाळक; आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबर स्तोत्रं पाठ झालेली. आणि ऐन गरजेच्या वेळी डोळे मिटले की समोर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, आकडा यायचा. ‘हे प्रभू’ म्हणून झालं की पुढे काही सुचायचंच नाही.

तरीही त्या दिवसांत धीर कुठून मिळाला असं मला कुणी विचारलं, तर मी प्रभू येशूचंच नाव घेईन. पण माझा विश्वास दांडगा होता म्हणून तो मिळाला, असं कुणी समजू नये. माझ्याजवळ तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं. विश्वास होता तो आजूबाजूच्या माणसांकडे, आणि त्यांच्या जिवावर आमचं घर उभं राहिलं. हे नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांच्या घरात डायलिसिस आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडं सांगते. किडन्यांचं रक्त गाळायचं काम मशीनकडून करून घ्यायचं. आठवड्यातून तीनदा जायचं, दर वेळी चार तास. जाताना वजन, येताना वजन. मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेतं, तो फरक किलोत मोजतात. त्यासाठी ह्यांच्या डाव्या हातात मनगटाच्या वर छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडली. त्याला फिस्टुला म्हणतात. काही आठवड्यांत ती शीर फुगून दोरासारखी वर आली. तिच्यावर बोट ठेवलं की आत बारीक, न थांबणारी थरथर लागते. ती चालू आहे ना हे रोज बघायचं; थांबली तर तडक दवाखाना. रात्री जाग आली की मी आधी अंधारात चाचपडत त्यांचा हात शोधायचे, बोट ठेवायचे, थरथर लागली की मग कूस बदलायचे. प्रार्थना होत नव्हती त्या काळात हे मात्र न चुकता होत होतं.

पाणी मोजून. सकाळी एक बाटली भरायची. चहा त्यातला, गोळ्यांचं पाणी त्यातलं, आमटी पातळ झाली तर तीही त्यातच धरायची. नगरचा एप्रिल-मे काय असतो ते नगरकरांना माहीत आहे. हे चूळ भरायचे आणि थुंकून टाकायचे. बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे किडन्यांना बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम कमी होतं. केळं बंद, शहाळं बंद, मीठ नावाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तो फार मोठा आधार झाला. तरी तपासण्या, वरची औषधं, रिक्षा हे घरातूनच जातं, आणि एमआयडीसीतलं लेथवरचं काम सुटल्यामुळे घरात येणारा पगार एकच राहिला, माझा शाळेतला.

भेटायला खूप लोक आले. बहुतेकांनी जीव लावला. पण काही वाक्यं अजून सलतात. ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो.’ ‘घरात काही कबूल करायचं राहिलंय का, बघा.’ बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने तर आरोग्यसभेत मंचावरून सांगितलं, मशीन सोडा, विश्वास धरा, प्रभू नव्या किडन्या देईल. मी ह्यांच्या दंडाला धरलं आणि सभा चालू असतानाच दोघं बाहेर पडलो.

याबद्दल मला आडपडदा ठेवायचा नाही. ज्याच्या किडन्या पूर्ण गेल्या आहेत त्याला डायलिसिस सोडायला सांगणं म्हणजे थोड्या दिवसांत मरायला सांगणं. येशूने आजाऱ्यांना बरं केलं. आजाऱ्याला वैद्यापासून तोडल्याची एकही गोष्ट बायबलातल्या शुभवर्तमानांत नाही. प्रेषित पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. मिरजेला मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये हॉस्पिटल सुरू केलं, आमच्या नगरात मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) बूथ हॉस्पिटलने कोरोनात हजारो रुग्ण सांभाळले. या लोकांनी प्रार्थना आणि सलाईन यांच्यात कधी भांडण लावलं नाही. ह्यांच्या उशाशी चालणारं ते मशीन मला देवाच्या दयेचाच भाग वाटतं आणि ते चालवणारी टेक्निशियन मुलगीसुद्धा, मग ती कोणत्याही धर्माची असो.

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात, सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात: अलीफज, बिल्दद आणि सोफर. त्याची दशा बघून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. पुढे ते बोलायला लागतात आणि पुस्तक त्यांच्या उपदेशाने भरून जातं. शेवटी देव रागावतो तो त्या उपदेशावर. आजाऱ्याकडे जाणाऱ्याने ते पहिले सात दिवस लक्षात ठेवावेत.

आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहतात. नात्याच्या नाहीत, साऱ्या वस्तीच्याच त्या मावशी. आयुष्य बालवाडीत गेलं, आता गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही, पण आमचं घर तळमजल्यावर. ह्यांचं डायलिसिस सुरू झालं त्या आठवड्यात त्या महिला मंडळातल्या दोघींना घेऊन मंगळवारी संध्याकाळी आल्या, आणि मग दर मंगळवारी यायला लागल्या. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. त्या आपण होऊन माझ्यासमोर लसूण सोलायला बसल्या. मी म्हटलं, “मावशी, माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही.” आता वचन सांगतील, समजावतील, असं वाटलं. त्यांनी हातातली पाकळी वाटीत टाकली आणि म्हणाल्या, “मग नको करू. तुझ्या वाटची आम्ही करतो. तू आमेन म्हण. तेही नाही झालं तर नुसती बस.”

मी नुसती बसले. पुढे कित्येक मंगळवार नुसती बसले.

त्यांची पद्धत साधी. एकीने स्तोत्र वाचायचं. मग टाळ्यांवर एखादं पद. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आमच्या नगरात राहून गेले. त्यांची भजनं इथल्या मंडळ्यांमध्ये लहान पोरांनाही येतात, पुस्तक लागत नाही. मग मावशींची प्रार्थना. ती ऐकून मला पहिल्यांदा चमकायला झालं. “प्रभू, याचं पोटॅशियम खाली ठेव. उद्या जी मुलगी सुई टोचणार आहे तिचा हात हलका ठेव. रिक्षावाला वेळेवर येऊ दे. पोरांच्या फीचं तू बघ. हिला आज रात्री चार तास तरी झोप दे.” पोटॅशियम हा शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून पाठ केला होता. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि त्यांचे खांदे हलत होते.

माझं आजोळ नेवासा तालुक्यातलं. घर धाब्याचं. मातीच्या जाडजूड भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि फळकुटं, वर पाला, आणि सगळ्यावर पांढरी माती चोपून बसवलेली. दर पावसाळ्याआधी मामा वर चढून नवी माती टाकायचे, नाहीतर घर गळायचं. उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं रात्री धाब्यावरच झोपायचो. एकदा तुळई किडली म्हणून मामांनी एक खण उकलला, तेव्हा मी खाली उभी होते. आधी माती भुरभुरली, मग ढेकळं पडली, मग कुजलेला पाला, त्यातून एक विंचू, आणि मग एकदम वरून उजेडाचा झोत. धुळीत कुणाला कुणाचं तोंड दिसेना. आजी ओरडत होती, आधी धान्य झाका रे, धान्य झाका.

मार्काच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात जी गोष्ट आहे ती वाचताना मला हेच घर दिसतं. कफर्णहूमात येशू एका घरात बोलत होता. दारापर्यंत माणसंच माणसं. चौघे जण एका पक्षघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून घेऊन आले, आत जायला वाट नव्हती. ते छपरावर चढले, छप्पर उकललं आणि बाज खाली सोडली. त्या मुलखातली साधी घरंही तेव्हा लाकूड, पाला आणि मातीच्या सपाट छपरांचीच असत. म्हणजे हे काम चित्रात दाखवतात तसं स्वच्छ, हळुवार झालेलं नाही. येशूच्या डोक्यावर, खांद्यांवर माती पडली असणार. पुढे बसलेले शास्त्री कपडे झटकत उठले असणार. घरधनी तर नक्की ओरडला असणार. आणि बाजेवरचा माणूस म्हणत असेल, राहू द्या रे, माझ्यापायी लोकांचं घर नका मोडू. रोज दुसऱ्याच्या आधाराने उठणारा माणूस असंच बोलतो. हे मी माझ्या घरात ऐकलं आहे.

पण मार्काने त्याचा एकही शब्द लिहिलेला नाही. साऱ्या गोष्टीत तो गप्प आहे. त्याने काही मागितलं नाही, कबूल केलं नाही, विश्वास असल्याचं सांगितलं नाही. मार्क म्हणतो, येशूने त्यांचा विश्वास पाहिला आणि त्या पडून असलेल्या माणसाला ‘मुला’ म्हणून हाक मारली. विश्वास पाहिला त्यात बाजेवरचाही धरलेला आहे, असं आमचे पाळकसाहेब म्हणतात. असेल. पण चौघे वर चढले नसते तर तो दाराबाहेर उन्हातच राहिला असता. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी पोरांना किती वर्षं शिकवली, आणि दर वेळी मी स्वतःला बाज उचलणाऱ्यांत धरलं होतं. त्या मंगळवारांमध्ये मी बाजेवर होते. तिथून छप्पर फुटताना दिसतं, उजेड येताना दिसतो, आणि आपण काहीही केलेलं नसतं.

माझ्या पणजीची गोष्ट मला तेव्हाच नव्याने कळली. ती 1900 च्या दुष्काळातली पोर. आईबाप कोण, गाव कोणतं, हे तिला नीट सांगता यायचं नाही. मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, नाव तिथेच मिळालं. आजी सांगायची की पणजी सुरुवातीला प्रार्थनेला बसायची ती नंतर भाकरी मिळते म्हणून. हात जोडायचे का, कुणासमोर, तिला काही ठाऊक नव्हतं. तिच्या वतीने दुसरंच कुणीतरी देवाशी बोलत होतं आणि भाकरी थापत होतं. आमच्या घराण्याचा विश्वास तिथून सुरू होतो.

त्या काळच्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी शाळेत मुलांना शिकवते, पण आता शिकवताना आवाज जड होतो. 1858 चा जन्म. तरुणपणीच दुष्काळात आईबाप आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घातला, 1880 मध्ये तो भाऊ गेला. लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा गेला. कडेवर लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. मग ज्या दुष्काळाने त्यांचं घर खाल्लं होतं, तशाच दुष्काळात त्या आपण होऊन शिरल्या. 1897 च्या सुमारास मध्य प्रांतातून आणि पुढे 1900 च्या वेळी गुजरातेतून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बायका केडगावला आणल्या. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं. तेच त्यांचं मुक्ती मिशन. आणलेल्या त्या मुली माझ्या पणजीसारख्याच. त्यांच्याकडे विश्वास कुठून असणार, अंगावर कातडंसुद्धा नीट उरलेलं नव्हतं. त्या आजारल्या, काही दगावल्या, पुष्कळ जगल्या, लिहायला-वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली, आईच्या आधी. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तोवर त्या कामातच होत्या.

रमाबाईंना दुःख झालं नसेल असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांचं चरित्र घाईत वाचलेलं आहे. एवढी माणसं गमावलेल्या बाईला भीती माहीतच होती. तरी ती बैलगाडीत, रेल्वेत उपाशी पोरी भरून आणत राहिली. मला धाडस म्हटलं की आता हेच आठवतं.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. मंडळीची उपासना बंद, मंगळवारची बैठक बंद. डायलिसिस मात्र बंद ठेवता येत नाही. रिकाम्या रस्त्याने, चौकाचौकात पोलिसांना कागद दाखवत आम्ही जायचो. नातेवाइकांना आत सोडत नसत. दाराच्या काचेतून दिसेल तेवढं बघायचं. अशाच एका दुपारी तिसऱ्या तासाला ह्यांचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं. काचेतून मला एवढंच दिसलं की सिस्टर धावली, खाटेची डोक्याकडची बाजू खाली गेली, पाय वर झाले, सलाईनची बाटली लागली. ह्यांचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. मी ‘हे प्रभू’ म्हटलं आणि नेहमीप्रमाणे पुढचं सुचलं नाही.

हातात फोन होता. मावशी त्या दिवसांत रोज सकाळी नातवाकडून व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवून घ्यायच्या. त्या दिवशीचा मी ऐकला नव्हता. तो लावून कानाला धरला. एकशेएकविसावं स्तोत्र. “मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?” मध्येच कुकरची शिट्टी झाली, मावशी थांबल्या, कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितला, आणि पुढचं वाक्य वाचलं. “आकाश व पृथ्वी ह्यांचा निर्माणकर्ता परमेश्वर ह्याच्यापासून माझे साहाय्य येते.” मी ते परत लावलं, पुन्हा परत लावलं. आत सिस्टरने अंगठा वर करून दाखवला तेव्हा माझ्या कानात तीच शिट्टी चालू होती. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पाय लटपटतच होते. पण मी तिथे एकटी नव्हते, आणि काचेपलीकडे हेही एकटे नव्हते, हे मला त्या क्षणी हाताला लागावं इतकं खरं वाटलं. मी बऱ्याच महिन्यांनी आमेन म्हटलं, मोठ्याने. शेजारचे वॉचमन दादा वळून बघायला लागले.

त्यानंतर माझी प्रार्थना एकदम सुरळीत झाली असंही नाही. हळूहळू आली. आधी मावशींच्या मागे मागे, मग एखादं वाक्य आपलं. अजूनही काही दिवस कोरडे जातात, आणि त्याची मला पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. इस्राएलांची अमालेकांशी लढाई चालली असताना मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं आणि दोन बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. खुद्द येशूनेही मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमानेत तिघा शिष्यांना सांगितलं की इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले, ती गोष्ट वेगळी. पण त्यालाही सोबत हवी होती. मग मला लागली तर त्यात काय.

हे अजून डायलिसिसवर आहेत. पुण्यात किडनीसाठी नाव नोंदवलेलं आहे, फोन कधी येईल ते देवाला ठाऊक. एकदा मी त्यांना विचारलं, मरणाची भीती वाटते का. म्हणाले, “वाटते ना. पण मंगळवारी मावशी ती माझ्यादेखत प्रभूला सांगून टाकतात, मग मला वेगळी सांगावी लागत नाही.” घरात बसून लेथची छोटी कामं घेतात आता, उजव्या हाताने, डावा जपायचा असतो.

गेल्या महिन्यात डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर एक नवीन बाई भेटली. नवऱ्याला पहिल्यांदाच आणलेलं, हातात फाइल घट्ट धरलेली. थोड्या वेळाने म्हणाली, “ताई, तुमचा देवावर विश्वास पक्का दिसतो. माझा तर उडालाय.” मी तिला काही शिकवायला गेले नाही. विचारलं, आत्ता, या आठवड्यात, सगळ्यात जड काय जातंय? ती म्हणाली, “ह्यांना रात्रभर अंगाला खाज सुटते. दोघांनाही झोप नाही.” फॉस्फरस वाढलं की तसं होतं, डॉक्टरांना आजच सांग, गोळी असते, एवढं मी सांगितलं. आणि म्हटलं, आमच्याकडे मंगळवारी काही बायका जमतात, त्यांना तुझ्या वाटचं सांगू का? ती मान हलवून हो म्हणाली.

मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी तिच्या नवऱ्याचं नाव विचारून घेतलं आणि फॉस्फरस हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. आडनाव विचारलं नाही.

पुढचा मंगळवार आमच्याकडेच आहे, संध्याकाळी सात वाजता. नगरमधल्या ओळखीच्यांपैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या, ख्रिस्ती असायलाच हवं असं नाही. यायला जमणार नसेल तर काय मागायचं तेवढं कळवा, नेमकं कळवा, मावशींना मोघम चालत नाही. आणि आलात तर एक करा, ह्यांच्यासमोर पाणी पिऊ नका. माठ आत स्वयंपाकघरात आहे, तिथे येऊन प्या.